कानाला वळसा घालून

कानात काहीही न घालता गाणे ऐकवणारे ‘बोन कंडक्शन’ हेडफोन आता टेकडीवर, बागेत, जिममध्ये सर्रास दिसू लागले आहेत. कान मोकळा राहतो, हे खरे. पण मोकळा कान म्हणजे सुरक्षित कान असे समजावे काय? हाडांतून ऐकण्याच्या या तऱ्हेचा हा जमाखर्च.

स्वतःचा ध्वनिमुद्रित आवाज पहिल्यांदा ऐकताना दचकला नाही, असा माणूस विरळा. घरात नवा टेपरेकॉर्डर आला की सगळ्यांनी आळीपाळीने काहीतरी बोलायचे, कोणी पाढा म्हणायचा, कोणी आरती, आणि मग ती फीत उलटी फिरवून ऐकायची, हा एके काळी मध्यमवर्गीय घरातला सोहळाच असे. बाकीच्यांचे आवाज अगदी हुबेहूब वाटत. फक्त स्वतःचा आवाज मात्र कोणा परक्याचा, काहीसा पातळ, किरटा. ‘हा माझा आवाज नाहीच,’ असे प्रत्येकाने म्हणायचे आणि ‘तू असाच बोलतोस’ असे बाकीच्यांनी एकमुखाने सांगायचे. आज टेपरेकॉर्डरची जागा मोबाइलवरच्या आवाजी निरोपांनी घेतली आहे. दचकणे तेच आहे.

यात दोष यंत्राचा नसतो. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक वाट ओठांतून हवेत, हवेतून कानात. दुसरी वाट घशातून, जबड्यातून, कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत. या दुसऱ्या वाटेने येणाऱ्या आवाजात खालचे, भरदार सूर अधिक असतात, म्हणून आपला आवाज आपल्याला गोलाईदार वाटतो. टेपवर किंवा मोबाइलवर उतरते ती फक्त हवेतली वाट. इतरांना आपण जसे ऐकू येतो, तसे आपण आपल्याला त्या वेळी प्रथमच ऐकू येतो, एवढेच.

कुरकुरीत पोह्यांचा चिवडा खाताना आपल्याला डोक्यात दणदणाट ऐकू येतो आणि शेजारी बसलेल्याला त्याचा पत्ताही नसतो, याचेही कारण हेच. हाडे बोलतात आणि आपण ती जन्मभर ऐकत असतो. या जुन्या वाटेवरून आता गाणी, बातम्या आणि फोनवरची संभाषणे पाठवण्याचा व्यापार सुरू झाला आहे.

आवाज आत जातो कसा?

व्यवहारात आपण ज्याला कान म्हणतो तो खरे तर कानाचा दर्शनी भाग. त्यातून आवाजाच्या लहरी कर्णनलिकेत शिरतात आणि पडद्यावर आदळतात. पडदा थरथरतो. त्याच्या मागे हातोडी, ऐरण आणि रिकीब या नावांची तीन चिमुकली हाडे एकमेकांना जोडलेली असतात. ती ही थरथर पुढे सरकवतात आणि शेवटी ती पोचते गोगलगायीच्या शंखासारखे वेटोळे घेतलेल्या एका पोकळीत. तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात द्रव असतो आणि अतिशय सूक्ष्म केस असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशींची रांग असते. द्रव हलला की केस लवतात, केस लवले की मज्जातंतूला संदेश जातो, आणि मेंदूला कळते की गाणे सुरू झाले आहे.

म्हणजे ऐकण्याचे खरे काम या शंखात चालते. पडदा आणि ती तीन हाडे हा तिथवर आवाज पोचवणारा रस्ता. पण शंख स्वतः कवटीच्या हाडातच बसवलेला आहे. तेव्हा कवटीलाच थेट थरथर दिली, तर पडद्याला वळसा घालूनही आवाज शंखात पोचू शकतो.

पडताळा घ्यायचा असेल तर फार खटाटोप नको. मोबाइल आवाज बंद करून नुसता थरथरता ठेवावा, दोन्ही कान बोटांनी घट्ट बंद करावेत आणि दुसऱ्या कोणाला तरी तो कानामागच्या उंचवट्यावर टेकवायला सांगावा. कान बंद असूनही घरघर स्पष्ट ऐकू येते, किंबहुना अधिकच घुमते. गलबल्यात तंबोरा लावताना दांडीला कान टेकवणारे साथीदार आपण मैफलींत पाहतो. त्यांना हे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागत नाही.

युरोपात सोळाव्या शतकात इटलीतील गणिती आणि वैद्य जिरोलामो कार्दानो याने दातांत काठी धरून तिच्यावाटे आवाज ऐकता येतो, असे लिहून ठेवले. बहिरेपण आल्यावर बीथोव्हेन दातांत काठी धरून तिचे दुसरे टोक पियानोला लावत असे, अशी गोष्ट सांगितली जाते. १८७९ साली अमेरिकेत शिकागोच्या रिचर्ड ऱ्होड्स याने तर बहिऱ्यांसाठी चक्क एक पंखाच विकायला काढला. दिसायला हातपंखा, पण त्याची कड वरच्या दातांना टेकवायची आणि पंख्यावर आदळणारा आवाज दातांतून कवटीत घ्यायचा. चारचौघांत बहिरेपणही झाकले जाई.

वैद्यकाने ही वाट निदानासाठी वापरली. १८५५ साली जर्मन डॉक्टर आडोल्फ रिने याने सांगितलेली चाचणी आजही कान-नाक-घसा तज्ज्ञ करतात. धातूचा चिमटा वाजवून आधी कानामागच्या हाडावर टेकवायचा आणि मग कानासमोर हवेत धरायचा. निरोगी कानाला हवेतला आवाज अधिक वेळ ऐकू येतो. हाडावरचा आवाज अधिक ऐकू येत असेल, तर दोष बाहेरच्या रस्त्यात आहे, असे धरता येते. पुढच्या काळात या वाटेवर यंत्रे आली. विज्ञानकथांचा प्रसिद्ध संपादक ह्यूगो गर्न्सबॅक याला अशा एका उपकरणाचे पेटंट १९२४ साली मिळाले. १९७७ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे डॉ. आंदेर्स चेलस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या कवटीत टायटॅनियमचा छोटा स्क्रू बसवून त्यावर श्रवणयंत्र जोडले, आणि हाडांतून ऐकणे ही बहिरेपणावरची मान्यताप्राप्त उपचारपद्धती बनली. सैनिकांना आणि आग विझवणाऱ्या जवानांना कान मोकळे ठेवून आदेश ऐकता यावेत, म्हणूनही ही विद्या कामी आली.

सामान्य ग्राहकाच्या हाती ती आली अलीकडे. २०११ मध्ये स्थापन झालेली आफ्टरशॉक्झ ही कंपनी, जिने २०२१ च्या अखेरीस शॉक्झ असे नाव घेतले, या मालाची सर्वांत परिचित उत्पादक. आता तिच्या मागोमाग इतर अनेक नावे बाजारात आहेत. यंत्राचा आकार बहुतेक सारखाच. डोक्यामागून जाणारी एक लवचिक तार, कानावर अडकणारी दोन आकडी वळणे आणि कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर टेकणाऱ्या दोन चपट्या गोट्या. ‘कानशिलात वाजवणे’ हा आपला वाक्प्रचार या यंत्राने अगदी शब्दशः खरा करून दाखवला आहे!

जमेची बाजू

पहिला आणि सर्वांत मोठा फायदा अर्थातच कान मोकळा राहण्याचा. पहाटे तळजाईच्या टेकडीवर किंवा शिवाजी पार्कला फेऱ्या मारणाऱ्यांना मागून येणारी सायकल, भुंकणारे कुत्रे, ओळखीच्याने मारलेली हाक, हे सारे ऐकू येते आणि भीमसेनही सुटत नाहीत. ब्रिटनमध्ये ज्या शर्यतींसाठी रस्ता वाहतुकीला पूर्ण बंद केलेला नसतो, तिथे धावपटूंना कान झाकणारे हेडफोन वापरू देत नाहीत, हाडांवरचे चालतात. त्यामागचा विचार हाच.

घरातही याचा उपयोग आहे. स्वयंपाक करताना व्याख्यान किंवा कादंबरीचे वाचन ऐकणाऱ्या बाईला कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, दाराची बेल कळते, आतल्या खोलीत झोपलेले बाळ उठले तर त्याचे रडणे ऐकू येते. (उतू जाणारे दूध आवाज करत नाही, त्यावर अजून उपाय निघालेला नाही.) घरच्या माणसाला दोनदा हाक मारूनही ‘ओ’ मिळत नाही, ही आजच्या घराघरांतली तक्रार. कानात बोंडे घालून बसलेल्या मुलाशी बोलायचे तर त्याच्या खांद्यावर थाप मारावी लागते. मोकळ्या कानाचा मुलगा निदान ‘ऐकू आले नाही’ ही सबब तरी सांगू शकत नाही.

दुसरा फायदा आरोग्याचा आहे आणि तो आपल्या हवेत विशेष महत्त्वाचा. कर्णनलिका ही स्वतःला स्वच्छ ठेवणारी व्यवस्था आहे. आतला मळ हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत असतो. तिथे रबराची बोंडे तासन्‌तास खुपसून ठेवली की मळ आत ढकलला जातो, हवा कोंडते, घाम साचतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट दिवसांत कानात बुरशी होण्याच्या तक्रारी घेऊन माणसे डॉक्टरांकडे येतात. अशांना बोंड्यांपासून सुटी मिळणे हा मोठाच दिलासा. कानात काही घातले की गुदमरल्यासारखे होणारे, स्वतःच्या पावलांचा आणि श्वासाचा आवाज डोक्यात घुमतो म्हणून वैतागणारे, अशा मंडळींनाही हे यंत्र मानवते.

तिसरा फायदा पोहणाऱ्यांचा. कानांत पाणी न जाण्यासाठी बुचे घालून, खास पाण्यासाठी बनवलेले संच वापरले तर हाडांतून गाणे उत्तम ऐकू येते. मात्र ब्लूटूथच्या लहरी पाण्यात टिकत नाहीत. त्यामुळे मोबाइल काठावर ठेवून तलावात उडी मारली तर गाणे काठावरच राहते. यासाठी गाणी यंत्राच्याच पोटात साठवता येतील असा संच लागतो. ‘पाण्यापासून सुरक्षित’ एवढेच वेष्टणावर लिहिलेले पुरेसे नाही. घामापासून सुरक्षित आणि पाण्याखाली चालणारे, यांत फरक आहे.

खर्चाची बाजू

आता उणी बाजू. गाण्याचा शौकीन या हेडफोनवर प्रथम रुसतो तो खर्जासाठी. खालचे सूर हाडांत नीट उतरवायचे तर त्या गोटीला मोठी हालचाल करावी लागते. तशी ती केली की गालाला गुदगुल्या होतात आणि सूर तरीही पोकळच राहतो. अगदी वरचे, बारीक सूर त्वचेतून जाताना बोथट होतात. मधल्या पट्टीतला माणसाचा आवाज मात्र सुरेख पोचतो. परिणाम असा की बातम्या, कीर्तन, मुलाखत, कथाकथन यांत काही उणे वाटत नाही. भावगीतही चालून जाते. पण तबल्याची चाट वाजली आणि डग्ग्याचा घुमारा मात्र कुठे तरी हरवला, असे होते. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेने जो गाभारा उभा राहायचा, तो राहत नाही. २०२४ साली शॉक्झने काढलेल्या एका महागड्या नमुन्यात खालच्या सुरांसाठी हवेतून आवाज सोडणारा वेगळा छोटा स्पीकर बसवला. हाडांची मर्यादा यंत्र बनवणाऱ्यांनीच मान्य केली, असे म्हणायला हरकत नाही.

डावे-उजवेही काहीसे पुसले जाते. कवटी एकच असल्यामुळे एका गालावरची थरथर दोन्ही शंखांपर्यंत पोचते. सतार डावीकडून आणि तबला उजवीकडून येतो आहे, ही ध्वनिमुद्रणातली मौज त्यामुळे कमी होते.

तिसरी अडचण शेजाऱ्यांची. गोटी हाडाला हलवते तशी थोडी हवेलाही हलवते. आवाज वाढवला की जवळच्याला चिरचिर ऐकू येऊ लागते. वाचनालयात, रुग्णालयात किंवा रात्री शयनगृहात हे लक्षात ठेवावे लागते. चष्मा, हेल्मेट, श्रवणयंत्र, कानाच्या वरच्या पाळीतली बुगडी, यांची गर्दी आधीच असेल तर त्यात आणखी एका आकड्याची सोय लावणे हेही एक कामच. काहींना गालावरचा सततचा दाब तासाभरात डोकेदुखीसारखा वाटू लागतो.

पण खरी अडचण याहून मोठी आहे. मोकळ्या कानात जग शिरते, हा फायदा जसा, तसाच तोटाही. मुंबईच्या लोकलमध्ये, एसटीच्या खिडकीशेजारी, सिग्नलला उभ्या राहिलेल्या रिक्षात बाहेरचा गोंगाट गाण्याला गिळून टाकतो. आपल्या देशातील ध्वनिप्रदूषण नियमांनी, म्हणजे २००० साली झालेल्या नियमांनी, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल अशा मर्यादा घालून दिल्या आहेत. त्या कितपत पाळल्या जातात, हे ज्याने त्याने आपल्या खिडकीत उभे राहून ठरवावे. अशा गलबल्यात मोकळ्या कानाचा माणूस एकच गोष्ट करतो. तो आवाज वाढवतो. आणि इथे या यंत्राविषयीचा सर्वांत घातक गैरसमज पुढे येतो.

‘पडदा वाचला’ म्हणजे काय वाचले?

दुकानदार सांगतात, जाहिराती सुचवतात आणि आईवडील विश्वासाने मुलांना घेऊन देतात : ‘यात पडद्याला काही त्रास नाही, कान खराब होण्याची भीतीच नाही.’ पहिला अर्धा भाग बराचसा खरा, दुसरा साफ खोटा.

मोठ्या आवाजाने रोज थोडे थोडे येणारे बहिरेपण पडद्यात होत नाही. ते होते शंखातल्या त्या केसाळ पेशींत. पडदा फाटला तर तो अनेकदा आपोआप भरून येतो किंवा शस्त्रक्रियेने शिवता येतो. माणसाच्या शंखातल्या या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि हाडांतून गेलेला आवाजही शेवटी पोचतो त्याच शंखात, त्याच पेशींपाशी.

हे केवळ अनुमान नाही. बुडापेस्टच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी १९३२ साली एक अतिशय साधा वाटणारा प्रयोग मांडला. एकच सूर एकाच वेळी हवेतून आणि हाडांतून ऐकवायचा आणि दोहोंची ताकद व लय अशी जुळवायची की एकाची लाट वर जाताना दुसऱ्याची खाली यावी. तसे जुळताच सूर नाहीसा झाला! दोन वाटांनी आलेल्या लाटांनी एकमेकींना पुसून टाकले. वाटा दोन असल्या तरी मुक्काम एकच असल्याशिवाय हे होणे शक्य नव्हते. शंखाच्या कार्याचा उलगडा केल्याबद्दल याच बेकेशींना १९६१ सालचे वैद्यकातील नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा कानाला वळसा घातला म्हणून धोक्याला वळसा मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या सोबतीने ऐकण्याच्या उपकरणांसाठी एक मानक प्रसिद्ध केले. प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास आणि लहान मुलांसाठी ७५ डेसिबलचे ४० तास, असा तो हिशेब आहे. यातली मेख अशी, की दर तीन डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ८० ला ४० तास, तर ८३ ला २०, ८६ ला १० आणि ८९ ला अवघे पाच तास, तेही आठवडाभराचे. तीन डेसिबलचा फरक कानाला जेमतेम जाणवतो; शंखाच्या खात्यावर मात्र तो दुप्पट लिहिला जातो. गेल्या काही वर्षांत एक अब्जाहून अधिक तरुण माणसे अशा ऐकण्याच्या सवयींमुळे धोक्यात आहेत, असे हीच संघटना सांगत आली आहे.

हाडांवरच्या हेडफोनबाबत आणखी एक गोम आहे. काही मोबाइल ‘तुम्ही इतक्या डेसिबलला ऐकत आहात’ असे सांगतात. तो हिशेब हवेतून ऐकवणाऱ्या हेडफोनचा असतो. गालावरच्या गोटीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. त्यामुळे इथे स्वतःच्या जाणिवेवरच विसंबावे लागते. ऐकणे थांबवल्यावर कानात शिट्टी किंवा घूं असा आवाज राहिला, बोलणे कापसातून आल्यासारखे वाटले, तर मर्यादा ओलांडली असे समजावे. आणि बाहेरच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवावा लागत असेल, तर ती जागा या हेडफोनची नव्हे. लोकलमध्ये गाणे ऐकायचेच असेल, तर बाहेरचा आवाज अडवणारे साधन घालून कमी आवाजात ऐकणे शंखाच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचे.

आजोबांसाठी घ्यावे काय?

दुसरा मोठा गैरसमज प्रेमापोटी होतो. आजोबांना ऐकू कमी येते. श्रवणयंत्र लावायला ते तयार नाहीत, कारण त्याने म्हातारपण दिसते. अशा वेळी परदेशातला नातू किंवा शहरातली नात हौसेने हा हेडफोन आणते : ‘आजोबा, यात कानाचा संबंधच नाही, थेट हाडातून ऐकू येते.’ सगळे घर आशेने भोवती जमते. आणि आजोबा दोन मिनिटांनी म्हणतात, ‘आवाज येतोय, पण कळत नाही काही.’

इथे बहिरेपणाचे दोन प्रकार समजून घ्यायला हवेत. एकात रस्ता बिघडलेला असतो. पडद्याला भोक असते, मधल्या कानात पाणी साठलेले असते, ती तीन हाडे जखडलेली असतात, किंवा जन्मतःच कर्णनलिका नसते. शंख मात्र धडधाकट असतो. अशांना हाडांची वाट वरदान ठरू शकते. वर्षानुवर्षे कान वाहणाऱ्या रुग्णाला कानात बसणारे श्रवणयंत्र सोसत नाही. त्याच्यासाठी, किंवा कर्णनलिकेविना जन्मलेल्या बाळासाठी, डोक्याच्या पट्ट्यावर किंवा कवटीतल्या स्क्रूवर बसणारी अस्थिवहन श्रवणयंत्रे डॉक्टर सुचवतात.

दुसऱ्या प्रकारात शंखच थकलेला असतो. म्हातारपणी येणारे बहिरेपण बहुतेक या जातीचे. त्यात आधी वरचे सूर जातात. स, श, त, क, फ ही व्यंजने विरतात, स्वर शाबूत राहतात. म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही. अशा शंखाकडे तुम्ही हवेतून जा की हाडांतून, दार तेच आणि दारामागचा माणूसही तोच थकलेला. त्याला हवे असते तपासणीच्या आलेखानुसार नेमके सूर वाढवून देणारे श्रवणयंत्र. बाजारातला गाण्याचा हेडफोन ते काम करत नाही. समोरच्याचे बोलणे उचलून मोठे करणे हा त्याचा धर्मच नव्हे.

आजोबा कोणत्या प्रकारात मोडतात, हे अर्ध्या-पाऊण तासाच्या श्रवणचाचणीत कळते. त्यात हवेतून आणि हाडांतून असे दोन्ही आलेख काढतात आणि दोहोंमधल्या अंतरावरून दोष कुठे आहे ते ठरवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणीही कान-नाक-घसा तज्ज्ञ ही तपासणी करतात. हेडफोनच्या आधी हा आलेख काढावा. भेट द्यायचीच तर ती द्यावी. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले असेल, तर कुठल्याही यंत्राची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

रस्ता आणि लक्ष

मोकळ्या कानाच्या जाहिरातीत रस्त्यावरची सुरक्षितता ठळक असते. तीत तथ्य आहे, पण अर्धेच. हॉर्न कानापर्यंत पोचला म्हणजे तो मनापर्यंत पोचला असे होत नाही. कादंबरीत खून नेमका कोणी केला हे कळण्याच्या बेतात असलेला माणूस उघड्या कानांनीही बहिरा असतो. फोनवर भांडण चालू असलेला तर अधिकच. दुचाकी चालवताना, रस्ता ओलांडताना, विशेषतः रेल्वेचे फाटक किंवा रूळ जवळ असताना, यंत्र कुठलेही असो, ते बंद असावे. कान मोकळा ठेवण्याचे काम यंत्र करते. लक्ष मोकळे ठेवण्याचे आपल्याकडेच राहते.

घेण्यापूर्वी

हाडांवरचे हेडफोन चांगल्या प्रतीचे हवेत तर काही हजार रुपये मोजावे लागतात. त्यामुळे स्वस्त नकलांना ऊत आला आहे. आकार हुबेहूब तोच, डब्यावर नावही तेच, पण आत कानासमोर टांगलेला साधा छोटा स्पीकर. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. यंत्र लावून गाणे सुरू करावे आणि दोन्ही कान बोटांनी बंद करावेत. गाणे खरोखर हाडांतून येत असेल, तर ते थांबत नाही. उलट खालचे सूर अधिक भरदार होतात. गाणे एकदम विझले, तर तुम्हाला हाडांच्या भावात हवा विकली जात आहे.

कानासमोर लटकणारे हे हवेचे स्पीकर वाईटच असतात असे मात्र नाही. आता ‘ओपन इयर’ या नावाने चांगल्या कंपन्यांनीही ते उघडपणे काढले आहेत. कान मोकळा ठेवण्याचा फायदा त्यांतही मिळतो आणि सूर पुष्कळदा अधिक गोड लागतो. पडदा आणि मधला कान धड असलेल्या माणसाने हे दोन्ही लावून पाहावेत आणि मग ठरवावे. चष्मेवाल्यांनी चष्म्यासकट, हेल्मेटवाल्यांनी हेल्मेटसकट आणि निदान पंधरा मिनिटे लावून पाहावे. दुकानात दोन मिनिटे सुखद वाटणारा दाब घरी तासाभराने सुखद राहीलच, असे नाही.

हिशेबाची बेरीज अशी होते. सकाळच्या फेऱ्या, घरकाम, शांत कचेरीतले फोन, बातम्या आणि व्याख्याने, दमट हवेत कुरकुरणारे कान, यांसाठी हे यंत्र खरोखर सोयीचे. मैफलीचे रेकॉर्डिंग मन लावून ऐकायचे असेल, तर संध्याकाळी घरातला स्पीकर किंवा कान झाकणारा चांगला हेडफोनच बरा. गर्दीत आणि गोंगाटात ते निरुपयोगी, आणि आवाज चढवला तर इतर कुठल्याही हेडफोनइतकेच घातक. मुलाला घेऊन दिलेत तर आवाजाची कमाल मर्यादा कुठे ठेवायची, हे त्याच्या शेजारी बसून, शांत खोलीत, एकदा ठरवून द्या. त्या आवाजाला रस्त्यावर गाणे ऐकू येईनासे झाले, की तिथे गाणे बंद करायचे, हेही त्याच बैठकीत सांगून ठेवावे.